शाळेच्या उंबरठ्यावर : जयपूरच्या मराठी घरातील बालकाची तयारी

जयपूर - एप्रिल महिना उजाडला की राजस्थानच्या राजधानीत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळांचे नवे वर्ष सुरू होते. तीन वर्षांची असंख्य बालके याच दिवसांत प्रथमच घराबाहेर पडून नर्सरीच्या वर्गात बसतात. महाराष्ट्रात शाळा परंपरेने जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर उघडते. जयपुरात ती ऐन उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघडते. नोकरी, बदली वा व्यापाराच्या निमित्ताने या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा फरक पहिल्याच वर्षी जाणवतो. मात्र त्याहून मोठा फरक भाषेचा असतो. घरात केवळ मराठी ऐकत वाढलेले मूल एके सकाळी अशा खोलीत येते, जिथे त्याच्या 'आई' या हाकेचाही अर्थ कुणाला ठाऊक नसतो.

आईवडिलांपासूनचा पहिला विरह आणि परकी भाषा हे दोन्ही प्रसंग एकाच दिवशी येतात. त्यामुळे अशा बालकाची पूर्वतयारी इतरांपेक्षा थोडी अधिक विचारपूर्वक करावी लागते. ही तयारी म्हणजे अक्षरे वा आकडे पाठ करून घेणे नव्हे. मुलाला शाळेत सुरक्षित वाटावे आणि आपली गरज दुसऱ्याला सांगता यावी, एवढाच तिचा हेतू असतो.

बालशिक्षणाची वाट

लहान मुलांसाठी स्वतंत्र शाळा असावी, हा विचार फार जुना नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये असा प्रयोग सुरू केला आणि पुढे त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिराची स्थापना केली. त्यांच्या सहवासात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठी प्रदेशात रुजवला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये हे काम विस्तारले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

बोर्डीच्या अनुभवातून एक साधी गोष्ट पुढे आली. वस्तीतील मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे. 'अंगणवाडी' या कल्पनेचे मूळ या प्रयोगात आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. राजस्थानातील पहिला प्रकल्प बांसवाडा जिल्ह्यातील गढी येथे सुरू झाला. गिजुभाईंच्या ग्रंथांची हिंदी मालाही राजस्थानातूनच, चूरू जिल्ह्यातील राजलदेसर येथील मॉन्टेसरी बाल शिक्षण समितीने प्रकाशित केली आहे. जयपूरच्या मराठी पालकांसाठी ही परंपरा म्हणूनच दोन्ही बाजूंनी जवळची आहे. मुलाला भीती दाखवून शिकवता येत नाही आणि ते ज्या घरातून येते त्या घराचा मान शाळेने राखला पाहिजे, हा तिचा गाभा आहे.

वय आणि कायदा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला जातो. त्यातील पहिली तीन वर्षे अंगणवाडी, बालवाटिका वा पूर्वप्राथमिक वर्गाची असून पहिलीत प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असणे अपेक्षित आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यांना याविषयी पुन्हा सूचना केली होती. मूल अडीच वर्षांचे होताच त्याला शाळेत बसवण्याची घाई करणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. वर्षभर लवकर गेलेले मूल पुढे वर्षभर पुढेच राहते, असा नियम नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना देणगी घेण्यास आणि बालकाची वा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास मनाई आहे. तरीही 'मुलाखतीत विचारतील' या धास्तीने अनेक घरांत तीन वर्षांच्या मुलाकडून रंग, फळे आणि इंग्रजी कविता घोकून घेतल्या जातात. शाळेविषयीची पहिली भीती कित्येकदा या सरावातूनच निर्माण होते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या मुलाला शाळेचा अर्थ यांपैकी कोणता वाटावा, हे बऱ्याच अंशी पालकांच्या हाती असते.

शाळा पाहताना

शाळा निवडण्यापूर्वी आईवडिलांनी ती चालू असताना एकदा प्रत्यक्ष पाहावी. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणात काही किमान निकष दिलेले आहेत. तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, कार्यक्रम तीन ते चार तासांचा असावा, तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटरची मोकळी जागा असावी, असे त्यात म्हटले आहे. इमारतीच्या भपक्यापेक्षा या गोष्टी मोजून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

त्याखेरीज पुढील प्रश्न जरूर विचारावेत :

- पहिल्या काही दिवसांत आई वा वडिलांना वर्गात वा व्हरांड्यात थांबू देतात काय?
- रडणाऱ्या मुलाला कोण सांभाळते? त्याला वर्गाबाहेर एकटे बसवले जाते काय?
- स्वच्छतागृह मुलांच्या उंचीचे आहे काय? तेथे मुलासोबत कोण जाते?
- वर्गात घरच्या भाषेत बोलण्यास मज्जाव आहे काय?
- मुलाला न्यायला आलेल्या व्यक्तीची खात्री कशी केली जाते?

जयपुरात खासगी शाळांखेरीज अन्य मार्गही आहेत. अंगणवाडी केंद्रांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय असते. त्यांच्यासाठी 'आधारशिला' हा राष्ट्रीय अभ्यासक्रम २०२४ मध्ये जाहीर झाला. केंद्रीय विद्यालयांपैकी काहींत २०२२ पासून बालवाटिकेचे वर्ग सुरू करण्यात आले. बदलीच्या नोकरीतील मराठी कुटुंबांना ते सोयीचे ठरू शकतात. शहरातील दिगंतर आणि बोध शिक्षा समिती या संस्थांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वंचित वस्त्यांमध्ये शिक्षणाचे लक्षणीय प्रयोग केले. बोधचे काम १९८७ मध्ये जयपूरच्या झोपडवस्तीतून सुरू झाले होते.

दोन महिने आधी

तयारी शाळेच्या आदल्या दिवशी सुरू करून भागत नाही. सहा ते आठ आठवडे हाताशी असतील, तर बदल मुलाच्या नकळत घडवता येतात.

सुरुवात झोपेपासून करावी. तीन ते चार वर्षांच्या बालकाला दिवसाच्या झोपेसह १० ते १३ तास झोप आवश्यक असते. सकाळच्या शाळेसाठी लवकर उठायचे असेल, तर रात्रीची वेळ दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. एकदम दोन तासांचा बदल केल्यास मूल चिडचिडे होते आणि त्या त्रासाचे खापर शाळेवर फुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार या वयात पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा. झोपण्यापूर्वी तर तो टाळलेलाच बरा.

त्यानंतर स्वावलंबनाकडे वळावे. डबा उघडणे, पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवणे, चप्पल-बुटाचा पट्टा लावणे, हात धुणे, नाक पुसणे, चड्डी खाली-वर करणे ही कामे मुलाने स्वतः करून पाहावीत. डबा आणि बाटली पालकांनी आधीच विकत आणून घरी वापरायला द्यावी. वर्गात झाकण न उघडल्यामुळे उपाशी परतणारी मुले कमी नसतात. पोळीचे लहान तुकडे, गुंडाळी, इडली, पराठा असे हाताने खाता येणारे पदार्थ डब्याला योग्य होत. वरणभात भरवून घेण्याची सवय असलेल्या मुलाला आठवड्यातून काही दिवस तरी स्वतःच्या हाताने जेवू द्यावे. सांडलवंड होईल, ती सोसावी.

स्वच्छतागृहाची सवय बहुतेक मुलांना दोन ते चार वर्षांच्या दरम्यान लागते. तीन वर्षांच्या मुलाकडून अधूनमधून चूक होणे स्वाभाविक आहे. यासाठी त्याला रागावू नये. दप्तरात कपड्यांचा एक जास्तीचा जोड ठेवावा आणि तो कशासाठी आहे, हे मुलालाही सांगून ठेवावे.

आईवडिलांशिवाय थोडा वेळ राहण्याचा सराव हा तयारीचा तिसरा भाग होय. प्रथम अर्धा तास, मग एक तास, असे मुलाला आजी-आजोबा, मावशी वा विश्वासू शेजाऱ्यांकडे ठेवावे आणि सांगितलेल्या वेळी परत यावे. परक्या शहरात नातेवाईक जवळ नसतात. अशा वेळी समवयस्क मुले असलेली दोन-तीन कुटुंबे आळीपाळीने हे करू शकतात. रामनिवास बाग, सेंट्रल पार्क अशा मोकळ्या जागी इतर मुलांबरोबर खेळल्याने आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवयही लागते.

रडणे आणि निरोप

पहिल्या दिवशी मूल रडले म्हणजे तयारी फसली, असे नव्हे. जवळची व्यक्ती दिसेनाशी झाली की बालकाला भय वाटते. ही भावना साधारणतः आठव्या महिन्यापासून दिसू लागते आणि दीड-दोन वर्षांनंतर ओसरते. नवी जागा आली की ती पुन्हा डोके वर काढते. काळाचे भान या वयात पक्के नसते. 'बारा वाजता येईन' हे वाक्य मुलाला कळत नाही. 'डबा खाल्ला, गाणे म्हटले, की मी दारात' हे कळते. म्हणून वेळ सांगताना घटनांचा क्रम सांगावा.

निरोप थोडक्यात आणि उघडपणे घ्यावा. मूल खेळण्यात रमलेले पाहून गुपचूप निघून जाण्याचा सल्ला अनेक वडीलधारे देतात. तो टाळावा. आई केव्हाही नाहीशी होऊ शकते, असा धडा मूल त्यातून घेते आणि दुसऱ्या दिवशी ते पदर सोडत नाही. एक पापा, एक ठरलेले वाक्य आणि हात हलवून निघणे, एवढे पुरे असते. दारातून तीन वेळा परत फिरणाऱ्या पालकाकडे पाहून मुलाला वाटते की खरोखरच काही धोका असावा.

घरचा छोटासा रुमाल, आईच्या ओढणीचा तुकडा किंवा आवडती बाहुली काही दिवस सोबत नेण्यास शाळेची हरकत नसेल, तर अवश्य द्यावी. 'रडलास तर बाई मारतील', 'ऐकले नाहीस तर शाळेत ठेवून येऊ' अशी वाक्ये घरातून हद्दपार करावीत. ज्या जागेची धमकी दिली, त्याच जागी मूल हसत जाईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

भाषेचा प्रश्न

मराठी आणि हिंदी या जवळच्या भाषा आहेत, लिपीही एकच आहे. त्यामुळे मूल हिंदी सहज उचलेल, असे पालक गृहीत धरतात. काही महिन्यांत ते घडतेही. परंतु पहिल्या दोन आठवड्यांत हीच जवळीक घोटाळे करते. मुलाने 'आई' म्हटले, तर हिंदी कानांना 'आली' असे ऐकू येते. मराठीतील 'बस' म्हणजे बसणे, हिंदीतील 'बस' म्हणजे पुरे. 'खाली' मराठीत तळाशी असते आणि हिंदीत रिकामे. शिक्षिकेला 'बाई' म्हणण्याची मराठी रीत आदराची आहे, पण हिंदी भाषक शहरांत हा शब्द घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठीही वापरला जात असल्याने तो गैर वाटू शकतो. तेथे 'मॅडम' वा 'दीदी' हे संबोधन शिकवावे.

मूल वर्गात गप्प बसते याचे कारण हट्ट वा मंदपणा असतोच असे नाही. नव्या भाषेत पडलेली अनेक मुले काही आठवडे, कधी काही महिने केवळ ऐकत राहतात आणि मग बोलू लागतात. दोन भाषांची सरमिसळ करणे हेही गोंधळाचे लक्षण नव्हे. द्विभाषक मुलांच्या वाढीतील ती नेहमीची पायरी आहे.

या काळात काही शाळा पालकांना 'घरीही हिंदी किंवा इंग्रजीच बोला' असे सुचवतात. हा सल्ला मानण्याचे कारण नाही. घरची भाषा भक्कम असेल, तर दुसरी भाषा शिकण्यास तिचा आधारच होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. जयपुरात मराठी माध्यमाची अपेक्षा करता येत नाही. म्हणून मराठीचे जतन घरालाच करावे लागते. रात्रीची चिऊ-काऊची गोष्ट, बडबडगीते, आजीशी दूरध्वनीवरील गप्पा यांत खंड पडू देऊ नये. आईवडिलांनी मोडक्या हिंदीत मुलाशी बोलू लागल्यास त्याला ना धड मराठी मिळते, ना धड हिंदी. पुढे तो संवादही आटतो.

त्याऐवजी गरजेचे मोजके हिंदी शब्द खेळातून शिकवावेत. पाणी हवे, भूक लागली, दुखते आहे, शू आली, शी आली, भीती वाटते, घरी जायचे आहे, एवढी सात वाक्ये हिंदीत सांगता आली तर मुलाच्या बहुतेक अडचणी दूर होतात. बाहुल्यांची शाळा मांडून हा सराव हसतखेळत होतो. एका बाहुलीने मराठीत मागावे, दुसरीने हिंदीत द्यावे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शिक्षिका आणि आया यांना मुलाचे शब्द ठाऊक असले पाहिजेत. पालकांनी अर्ध्या कागदावर मुलाचे घरचे नाव, 'शू', 'शी', 'पाणी', 'आई', 'बाबा', 'दुखतंय' हे शब्द आणि त्यांचे हिंदी अर्थ लिहून शाळेत द्यावेत. मूल घाबरले की कशाने शांत होते, तेही लिहावे. अशी चिठ्ठी पहिल्या आठवड्यात मोठी मदत करते. 'शी' हा शब्द न समजल्यामुळे कपडे खराब होऊन सर्वांसमोर ओशाळलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेचे नाव काढू देत नाही. वर्गशिक्षिकेला त्यामागचे कारण बहुधा कळतही नाही.

ऊन, थंडी आणि आरोग्य

जयपुरात मे महिन्यात कमाल तापमान ४० अंशांवर जाणे नित्याचे असते. सुती व सैल कपडे, टोपी आणि पुरेसे पाणी यांकडे लक्ष द्यावे. मूल शाळेत पाणी पिते की नाही, हे बाटलीवरून रोज पाहावे. अनोळखी स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून काही मुले पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात ते धोक्याचे ठरते. परतीचा प्रवास दुपारच्या उन्हात असेल, तर व्हॅन किंवा रिक्षात मुलाला किती वेळ बसावे लागते आणि किती मुले कोंबली जातात, याची पालकांनी स्वतः पाहणी करावी. हिवाळ्यातील कडक थंडीत प्रशासन लहान वर्गांच्या वेळा बदलते वा सुटी देते. नोकरी करणाऱ्या पालकांनी अशा दिवसांची सोय आधीच ठरवून ठेवावी.

शाळा सुरू होण्यापूर्वी लसीकरणाचे कार्ड तपासावे. गोवर-रुबेला लसीचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत, तर दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत दिला जातो. बदलीमुळे राज्य बदललेल्या कुटुंबांत नेमका एखादा डोस राहून जातो. पहिल्या वर्षी सर्दी-खोकला वारंवार होणे सामान्य आहे. ताप असताना मात्र मुलाला शाळेत पाठवू नये.

पहिले दिवस आणि सुटीनंतर

शक्य असल्यास पहिला आठवडा एक-दीड तासाचा असावा आणि वेळ हळूहळू वाढवावी. त्या काळात आई वा वडिलांपैकी एकाने रजा काढणे हितावह होय. न्यायला पाच मिनिटे आधी पोहोचावे. सर्व मुले गेल्यानंतर उरलेल्या बालकाला ती पाच मिनिटे फार मोठी वाटतात. घरी आल्यावर 'काय शिकलास?' असा प्रश्न न विचारता 'कोणाशेजारी बसलास?', 'डबा कुणाबरोबर खाल्लास?' असे विचारावे. मूल मराठीतून सारे सांगू लागले, की शाळा त्याच्या घरात आली असे समजावे.

एप्रिलमध्ये सुरू झालेल्या शाळेला महिना-दीड महिन्यातच उन्हाळी सुटी लागते. अनेक मराठी कुटुंबे तेव्हा गावी येतात. आजोळच्या मुक्कामानंतर जुलैमध्ये मूल पुन्हा पहिल्या दिवसासारखे रडते, तेव्हा पालक खचतात. ही पुनरावृत्ती अपेक्षितच असते. शाळा उघडण्यापूर्वी चार-पाच दिवस आधी परतावे, झोपेची वेळ पूर्ववत करावी आणि शक्य असल्यास वर्गातील एखाद्या मित्राशी भेट घडवावी. दुसऱ्या वेळी मूल सहसा लवकर सावरते.

सल्ला केव्हा घ्यावा?

बहुतेक मुले काही आठवड्यांत रुळतात. मात्र दोन-तीन महिन्यांनंतरही मूल रोज तितक्याच तीव्रतेने रडत असेल, घरीही बोलणे कमी झाले असेल, आलेली स्वच्छतागृहाची सवय सुटली असेल, झोपेत दचकून उठत असेल किंवा एखाद्या विशिष्ट व्यक्तीला वा वाहनाला पाहून घाबरत असेल, तर 'सवय होईल' म्हणून दुर्लक्ष करू नये. प्रथम शांतपणे मुलाचे ऐकावे, मग शिक्षिकेशी बोलावे आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मूल मराठीतही समवयस्कांइतके बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, तर त्याचे कारण नवी भाषा नव्हे. अशा वेळी श्रवण आणि विकासाची तपासणी लवकर करून घ्यावी.

मराठी घरांत दसऱ्याला पाटीपूजन करण्याची प्रथा आहे. राजस्थानात सरस्वतीपूजनासाठी वसंत पंचमीचा दिवस शुभ मानतात. जयपूरच्या मराठी बालकाला दोन्ही दिवस लाभू शकतात आणि दोन्ही भाषाही. त्यासाठी घराने मराठी सोडू नये आणि शाळेने मुलाच्या पाच-सहा शब्दांची ओळख करून घ्यावी. 'आई' म्हणजे कोण हे शिक्षिकेला पहिल्याच दिवशी ठाऊक असेल, तर त्या मुलाचा श्रीगणेशा चांगला झाला असे म्हणता येईल.